स्नूकरच्या लाकडी क्यूला तेल लावावे की मेण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नूकर जन्मले १८७५ साली आपल्या जबलपुरात, पण क्यूचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचे, लाकूड येते थंड मुलखातून. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा निमुळता भाग, ॲशचा किंवा मेपलचा असतो आणि तेल-मेणाबद्दलचे बहुतेक सल्लेही त्याच थंड हवेला धरून दिलेले असतात. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि जानेवारीच्या पहाटे बोटे आखडतात. तेल किती दिवसांत वाळेल आणि मेण हाताला चिकटेल का, हे या हवेवर ठरते. खालची उत्तरे ती हवा लक्षात घेऊनच दिली आहेत.

एका वाक्यात सांगा: तेल की मेण?

शाफ्टला वाळणारे तेल, तेही पुसून अगदी पातळ ठेवलेले. बटला, म्हणजे मागच्या जाड भागाला, तेल आणि त्यावर हवे तर मेण.

शाफ्ट ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांमधून दर फटक्याला मागे-पुढे सरकतो, म्हणून तिथे लाकडाच्या वर काहीही साठलेले नको. तेल लाकडात मुरते आणि आतच घट्ट होते. मेण वर बसते. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते खरे, पण मऊ व्हायला ते त्याच्या खूप आधी लागते. उन्हाळ्यात पंख्याखाली तासभर खेळून तापलेला, घामेजलेला हात त्याला पुरेसा होतो. मग शाफ्ट सरकायच्या ऐवजी अडकत जातो. बट मात्र मुठीत धरायची असते. तिथे थोडी पकड आली तर ती हवीच असते.

जवसाचे तेल कच्चे घ्यावे की उकळलेले?

आधी फरक समजून घ्या. जवसाचे तेल (इंदूरच्या दुकानात अलसी का तेल म्हणूनच मागावे लागते) पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. कच्च्या तेलात हे काम आपल्या गतीने होते. पातळ थराला उबदार, कोरड्या हवेत तीन दिवसांपासून आठवडाभर लागतो. बाजारात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या उकळलेल्या तेलात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. ते वाळण्याला वेग देतात, म्हणून तोच थर साधारण एका दिवसात कोरडा होतो.

शाफ्टसाठी आमची पसंती कच्च्या तेलाला. ते सावकाश वाळते म्हणून लाकडात खोल जायला त्याला वेळ मिळतो आणि जास्त राहिलेले पुसायला तुम्हालाही. उकळलेले तेल घाई असेल तेव्हा किंवा पावसाळ्यात कामाचे. ते लावले तर पंधरा मिनिटांत पुसायलाच हवे. तासभर विसरलात तर चिकट साय धरते.

कच्चे तेल मिळवणे सोपे आहे. क्रिकेटच्या बॅटला लावायचे तेल म्हणून खेळाच्या दुकानात मिळते ते हेच, आणि खाण्यासाठी विकतात ते घाण्याचे अलसी तेलही हेच. खाण्याच्या तेलाची बाटली घेताना लेबल वाचा. त्यात व्हिटॅमिन ई किंवा तेल खवट होऊ नये म्हणून दुसरे काही मिसळले असेल तर तीच गोष्ट वाळणेही लांबवते. डबल बॉइल्डसाठी इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा घराजवळच्या रंगाच्या दुकानात विचारा.

विकत घेतलेल्या तेलाची परीक्षा घेतल्याशिवाय ते क्यूला लावू नका. काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बोटाने पातळ पसरा आणि काच खिडकीजवळ उजेडात ठेवा. उकळलेले तेल दोन दिवसांत बोटाला लागता कामा नये. कच्चे दहा दिवसांनंतरही ओले असेल तर त्यात भेसळ आहे किंवा वाळू न देणारे काहीतरी मिसळलेले आहे. काचेवर जे वाळत नाही ते शाफ्टवरही वाळणार नाही.

घरातले खोबरेल किंवा मोहरीचे तेल चालेल का?

नाही. खोबरेल कधीच वाळत नाही. ते लाकडात तेल म्हणूनच राहते, धूळ आणि चॉक ओढते, काही महिन्यांनी खवट वास येतो. थंडीत ते थिजते, म्हणजे जानेवारीत ॲशच्या छिद्रांतून पांढरट दिसू लागते. मोहरीचे तेल थोडेफार घट्ट होते, पण पूर्ण कधीच नाही, आणि हाताला चिकटपणा राहतो. तीळ, शेंगदाणा, सूर्यफूल यांचेही उत्तर नाहीच. हे एकदा लाकडात शिरले की त्यावर जवसाचे तेलही नीट बसत नाही. आधीच लावले असेल तर सुती कापडावर तारपीन घेऊन तीन-चार वेळा पुसा, दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्या आणि दोन दिवस थांबून मग पुढचे काम सुरू करा.

टंग ऑइल, डॅनिश ऑइल, टीक ऑइल यांचे काय?

शुद्ध टंग तेल उत्तम. जवसापेक्षा पाण्यापुढे जास्त टिकते आणि पिवळेही कमी पडते, म्हणून मेपलचा फिका रंग जपायचा असेल तर तेच घ्या. ते टंग नावाच्या झाडाच्या बियांपासून निघते. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी सांभाळून वापरावे. ‘टंग ऑइल फिनिश’ नावाच्या बाटलीत मात्र पुष्कळदा तेल कमी आणि वॉर्निश जास्त असते.

डॅनिश ऑइल म्हणजे तेल, वॉर्निश आणि पातळ करणारा द्रव यांचे मिश्रण. बटला छान दिसते. शाफ्टवर तीन हातांनंतर त्याचा पातळ थर तयार होतो आणि दमट दिवसांत तो बोटांना जाणवतो. टीक ऑइल सागापासून काढलेले नसते, सागाच्या फर्निचरसाठी बनवलेले असते. त्यात काय आहे ते कंपनीगणिक बदलते. क्यूसाठी विकत घेऊ नका.

माझ्या क्यूवर आधीच लॅकर आहे का, हे कसे ओळखायचे?

शाफ्टच्या मधोमध पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाच मिनिटे पाहा. थेंब मोत्यासारखा गोल राहिला आणि पुसल्यावर खाली काहीच खूण नसेल तर वर लॅकर किंवा वॉर्निश आहे. थेंब पसरून लाकूड गडद झाले तर लाकूड उघडे आहे किंवा त्यावरचे तेल विटले आहे. ती गडद खूण वाळली की जाते, घाबरू नका.

लॅकरवर तेल लावण्यात अर्थ नाही, ते आत जाणार कुठे? वर चिकट थर होईल एवढेच. लॅकर कोणते आहे ते बटच्या टोकाजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी तपासा. कापसाला स्पिरिट लावून दाबल्यावर मऊ झाले तर ते लाखेचे पॉलिश आहे. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ झाले तर एन.सी. लॅकर. कशानेच हलले नाही तर बहुधा पॉलियुरेथेन. लाखेचे पॉलिश असलेली क्यू हाताला सॅनिटायझर लावून धरू नका, त्यातल्या अल्कोहोलने पॉलिश विरघळून बोटांचे ठसे उमटतात.

शाफ्टवरचे लॅकर काढायचे तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (बारीक पॉलिश पेपरने), कोरडेच, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. त्याहून खरखरीत पेपर नको. टिपकडचा (चेंडूला लागणाऱ्या चामडी टोकाकडचा) शाफ्ट ९ ते १० मिलिमीटरच असतो आणि तिथे दहावा भाग मिलिमीटर गेला तरी लाकूड फेरूलपेक्षा (टिपमागच्या पितळी कड्यापेक्षा) बारीक होऊन पायरी लागते. बटवरचे लॅकर चांगल्या स्थितीत असेल तर त्याला हात लावू नका. नुसते मेण पुरे.

तेल लावायची पूर्ण रीत सांगा.

साहित्य थोडेच लागते: ६०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, धागे न सोडणारे मऊ सुती कापड (जुने, शंभरदा धुतलेले धोतर सर्वांत चांगले), तेल आणि थोडे तारपीन.

ओले करून घट्ट पिळलेल्या कापडाने शाफ्ट पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. निळा चॉक, घाम आणि हातांचा मळ निघेल. तासाभराने बोट फिरवलेत तर आधी गुळगुळीत असलेले लाकूड किंचित खरखरीत लागेल. पाण्याने तंतू उभे राहतात म्हणून तसे होते, आणि ते तेलाआधी झालेले बरे. आता टिप आणि फेरूलवर टेप गुंडाळा. ६०० नंबरचा पेपर शाफ्टभोवती बोटांनी धरून लांबीच्या दिशेने आठ-दहा वेळा फिरवा, मग १००० नंबरचा. आडवा कधीही नाही, आडवे ओरखडे तेल लागताच काळे होऊन दिसतात. कोरड्या कापडाने भुकटी झटका. ॲशमध्ये छिद्रे उघडी असतात, तिथली भुकटी मऊ ब्रशने काढा, नाहीतर तेलात भिजून तिचा गिलावा होतो.

पहिल्या हाताला तेल आणि तारपीन निम्मे-निम्मे. पूर्ण क्यूला एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर मिश्रण पुरते. कापडाला लावा, क्यूवर ओतू नका. जाड बाजूकडून टिपकडे चोळत जा आणि फेरूलच्या अलीकडे एक बोट जागा जवळजवळ कोरडी ठेवा. लाकडाच्या टोकाचे तंतू तेल पटकन शोषतात आणि तिथे तेल मुरले की पुढे फेरूल बदलताना गोंद धरत नाही.

पंधरा ते वीस मिनिटे थांबा. मग पुसा, आणि इथे कसूर नको. एका कापडाने पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडाने पुन्हा पुसा, तिसऱ्याने जोरात घासा, इतके की तळहाताला ऊब जाणवेल. हाताला तेल लागता कामा नये. तेलाने बिघडलेल्या बहुतेक क्यूंची गोष्ट एवढीच असते: तेल चुकीचे नव्हते, पुसले कमी होते.

क्यू आडवी, सपाट, तीन-चार जागी आधार देऊन ठेवा, किंवा टांगा. उकळलेले तेल असेल तर एक दिवस, कच्चे असेल तर चार दिवस. पुढचे दोन हात न मिसळलेल्या तेलाचे, प्रत्येकी दोन-तीन मिलिलिटर, मध्ये १००० नंबरचा पेपर अगदी अलगद. ॲशला तीन हात पुरतात. मेपल घट्ट असतो, कमी शोषतो, त्याला दोनही पुष्कळ. शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबून साध्या कोऱ्या कागदाने किंवा चामड्याच्या तुकड्याने शाफ्ट घासलात तर जी रेशमी सरक येते ती कोणत्याही मेणाने येत नाही.

तेलाच्या चिंध्यांना आग लागते म्हणतात, खरे आहे का?

खरे आहे, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. कापड पसरलेले असेल तर ती हवेत निघून जाते. चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या कापडांत ती कोंडते, तेल आणखी वेगाने वाळते, आणखी तापते, आणि काही तासांत कापड आपोआप पेट घेऊ शकते. ठिणगी लागत नाही. उकळलेल्या तेलाच्या चिंध्या जास्त धोकादायक.

काम झाल्या झाल्या प्रत्येक कापड सुटे करून बाहेर सावलीत दोरीवर पसरा, पूर्ण कडक झाल्यावर टाका. नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. गच्चीवरच्या अडगळीत, गाडीच्या डिकीत किंवा कचऱ्याच्या डब्यात तशीच टाकू नका.

शाफ्ट चिकट झाला आहे. आता काय करू?

आठवडा उलटला नसेल तर तारपिनात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा, लगेच कोरड्याने घासा, आणि तीन-चार दिवस उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशा खोलीत ठेवा. चिकटपणा जुना असेल, नखाने खरवडले तर मळकट पापुद्रा निघत असेल, तर १००० नंबरचा पेपर तारपिनात ओला करून लांबीच्या दिशेने फिरवा आणि पुसत जा. त्यावर नवे तेल लावून ‘जुने विरघळेल’ अशी आशा धरू नका, घट्ट होऊ लागलेले तेल नव्या तेलात विरघळत नाही.

शिसवीच्या बटवर तेल वाळतच नाही, असे का?

दोष तेलाचा नाही. शिसवीत आणि तिच्या कुळातल्या रोजवुडमध्ये लाकडाचेच नैसर्गिक पदार्थ असतात, जे तेलाला ऑक्सिजन घेऊ देत नाहीत. तेच तेल शाफ्टवर दोन दिवसांत वाळते आणि बटवर पंधरा दिवस ओले राहते. उपाय असा: बटवर लॅकर नाही याची खात्री करून ॲसिटोनने किंवा स्पिरिटने पृष्ठभाग पुसा आणि उडून जाताच, अर्ध्या तासाच्या आत, उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. त्याहून सोपे म्हणजे तेल सोडा आणि नुसते मेण लावा. शिसवीला मेणाची चमक शोभतेही.

आबनूस वेगळा. तो तेल घेतो, जरी थोडेच, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला केसासारख्या चिरा जातात. त्याला वर्षातून दोनदा तेल हवेच. बटमध्ये पडौकची लाल पट्टी असेल तर तिचा रंग तेलात आणि तारपिनात सुटतो. कापड फिक्या लाकडाकडून लाल लाकडाकडे न्या, परत आणू नका, नाहीतर मेपलवर गुलाबी डाग कायमचा राहील.

बटसाठी मेण कोणते? घरी करता येईल का?

येते. इंदूरच्या हवेसाठी वजनाने एक भाग मधमाशीचे मेण आणि दोन भाग जवसाचे तेल. थंड देशांत एकास चार घेतात, पण ते मलम आपल्याकडे मे महिन्यात पातळ होऊन डबीतून गळते. २० ग्रॅम मेण आणि ४० ग्रॅम तेल एवढ्यात कित्येक वर्षे निघतात. पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलची वाटी ठेवा आणि तीत मेण वितळवा. गॅसवर थेट कधीच नाही. मेण वितळले की तेल ओता, ढवळा, डबीत काढा.

आणखी कडक हवे असेल तर मेणाचा चौथा हिस्सा कार्नौबा घ्या. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे हे मेण ८२ अंशांच्या पुढे वितळते आणि उन्हाळ्यात मऊ पडत नाही. वाटाण्याएवढे मेण संपूर्ण बटला पुरते: गोल-गोल चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने चमक काढा.

फर्निचरच्या चमकदार स्प्रेपासून क्यू दूर ठेवा. त्यांतल्या पुष्कळांत सिलिकॉन असते. ते लाकडात शिरले की नंतर कोणतेही पॉलिश लावा, माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात आणि गोंदही धरत नाही.

वर्षातून कधी आणि किती वेळा लावावे?

इंदुरात दोन वेळा ठरवून ठेवा. एक होळीच्या आधीचे पंधरा दिवस, हवा कोरडी आणि ऊब बेताची असते तेव्हा. दुसरी दसरा-दिवाळीच्या मधली. रोज दोन तास खेळणाऱ्याने शाफ्टला मध्ये एखादा हात आणखी द्यावा, एक मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब, पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये शक्य तो नको. दमट हवेत वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि ओलावा धरलेले लाकूड तेलही कमी घेते. रंगपंचमीच्या गेरेहून (रंगांच्या मिरवणुकीहून) थेट क्लबात जात असाल तर हात साबणाने धुऊनच क्यू धरा. कोरडा रंग ॲशच्या उघड्या छिद्रांत शिरला की लाकूड घासल्याशिवाय निघत नाही.

तेल लावल्याने क्यू वाकत नाही ना?

तेल ओलाव्याची ये-जा थोडी मंदावते, थांबवत नाही. क्यू वाकते ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवल्याने, एका बाजूने ओल लागल्याने किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिल्याने. वाकलेली क्यू तेलाने सरळ होत नाही. बंद पेटीत, घरातल्या आतल्या भिंतीशी, आडवी ठेवा. कूलरच्या वाऱ्यात नको.

हाताला घाम येतो. टाल्कम पावडर लावू का?

लावू नका. पावडर लाकडाच्या छिद्रांत आणि टेबलाच्या कापडावर बसते, घामात तिचे पीठ होते. खिशात दोन सुती रुमाल ठेवा, एक किंचित ओला, एक कोरडा. शाफ्ट दर फ्रेमनंतर (डावानंतर) ओल्याने आणि लगेच कोरड्याने पुसा.

स्टील वूल वापरले तर?

मेपलवर सर्वांत बारीक, चार शून्यांचे चालते. ॲशवर नको. तुटलेले तंतू छिद्रांत अडकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजून तपकिरी ठिपके पडतात. त्याऐवजी पांढरे नायलॉनचे घासणीसारखे पॅड घ्या.

टिपला तेल लागले तर?

टिप बदला. तेल प्यालेले चामडे मऊ पडते आणि चॉक धरत नाही, घासूनही ते परत येत नाही. पितळी फेरूलवर लागले तर स्पिरिटने पुसले की झाले.

उरलेले तेल किती टिकते?

बाटली अर्धी रिकामी झाली की आतली हवाच तेलाला घट्ट करू लागते आणि वर साय येते. बाटलीत काचेच्या स्वच्छ, कोरड्या गोट्या टाकत जा, म्हणजे तेल गळ्यापर्यंत येईल आणि हवेला जागा राहणार नाही. बूच घट्ट, जागा अंधारी. साय आलीच तर ती ढवळून तेलात मिसळू नका. बाजूला काढून खालचे तेल कापडातून गाळा, आणि लावण्याआधी पुन्हा एकदा काचेवर थेंब पसरून पाहा.